नाकावरची ओल

माझ्या हातून एका चितळाचं नाक बिघडलं होतं आणि त्याची बोलणी दुसऱ्याच माणसानं खाल्ली. तीसएक वर्षं ही गोष्ट मी कुणाजवळ काढली नाही. ज्यांनी बोलणी खाल्ली ते मामाही त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं.

साल १९८७. दर्यापूरकडच्या एका खेड्यातला मी, कापूसवाल्याचा पोरगा, अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नापास झालो होतो. नापास झालो तो विषयही प्राणिशास्त्रच. त्या साली घरी पीक बुडालेलं, त्यामुळं वडिलांनी सांगून टाकलं, खोलीचं भाडं आता तूच पाहा. ओळखीपाळखीनं एका जुन्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात मला रोजंदारीवर काम मिळालं. बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलायचं, लेबलं लिहायची, धूळ झटकायची. वरच्या मजल्यावरची लांबोडकी खोली, भिंतीवर सांबराची शिंगं, एका रोह्याचं डोकं, आणि दाराच्या बरोबर समोर, काचेच्या पेटीत, नर चितळाचं खांद्यापासून वरचं मुंडकं.

त्या खोलीचे खरे धनी मामा. कागदोपत्री ते शिपाई होते. त्यांचे वडील गावोगाव मोटा शिवत; विहिरींवर इंजिनं आणि विजेचे पंप आले तसं ते काम संपलं, मग ते अमरावतीत जोडे शिवायला बसले. मामांचं लहानपण कमावलेल्या कातड्याच्या वासात गेलेलं. कातडं ओलं असताना किती ताणायचं, वाळल्यावर ते कुठं आखडतं, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. ‘पेंढा भरलेले प्राणी’ असं मी म्हणालो की ते हसत. एकदा त्यांनी रोह्याचं डोकं उलटं करून मला मागची फट दाखवली. आत पेंढा कुठंच नव्हता. कागदाच्या लगद्याचा साचा, खाली लाकडाची फळी आणि डोळ्यांमागं थोडी माती. शिकारीच्या काळात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्याचा कारखाना देशभरच्या राजेरजवाड्यांसाठी आणि साहेबांसाठी असेच लगद्याचे साचे करून वाघ-बिबटे उभे करायचा, हे मी पुढं वाचलं. आमचं चितळ कुणी भरलं होतं ते नोंदवहीत नव्हतं. कुणा घराण्यानं कॉलेजला दिलं एवढंच होतं, आणि तेही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कितीतरी आधी.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, आणि तेव्हा मला ती कळत नव्हती. कायद्यानंतर नवं चितळ भिंतीवर सहजासहजी चढणार नव्हतं. जे होतं तेवढंच.

त्या चितळाचं नाक उन्हानं गेलेलं होतं. जिवंत हरणाच्या नाकाच्या शेंड्यावर केस नसतात, नुसती ओली कातडी असते. प्राणी मेला की सगळ्यांत आधी तीच आखडते. नाकपुडीची कड आत वळते, वरचे बारीक दाणे सपाट होतात, रंग उडून राखी होतो. म्हणून जुने कारागीर तिथं मेण भरून आकार परत आणत. पण मेणाला वऱ्हाडातला मे महिना कसा सोसावा? अमरावती-अकोल्याकडं पारा ४४-४५ वर जातो, बंद खोलीत तर विचारूच नका. आमच्या चितळाचं मेण डाव्या नाकपुडीवरून घरंगळून ओठापर्यंत आलं होतं, वर भेगा पडल्या होत्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा पुतणीच्या लग्नाला गावी गेले. विभागप्रमुख जाता जाता म्हणाले, परीक्षक येणार आहेत, दर्शनी तेवढं नीट करून ठेव. मला वाटलं, आपण काहीतरी करून दाखवायची हीच वेळ. मी ब्लेड घेतलं, थिनर घेतलं आणि मेण खरवडायला बसलो. मेणाबरोबर खालची कातडी निघून येते आहे हे दिसत असूनही थांबलो नाही, कारण अर्धं खरवडलेलं नाक अधिकच वाईट दिसत होतं. डाव्या नाकपुडीची कड तुटून टेबलावर पडली. मग घाबरून प्लास्टर कालवलं, ते थापलं, बोटानं गुळगुळीत केलं, पेन्सिलीच्या टोकानं दोन गोल भोकं पाडली, वर काळा ऑइल पेंट आणि त्यावर घट्ट व्हार्निश. लांबून नाक असं चमकायला लागलं की मला समाधान वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

मामा सोमवारी आले. पेटीपुढं बराच वेळ उभे राहिले.

“हे नाक हाय का बूट बे?” ते म्हणाले. “पालिश माह्या बापानं जिंदगीभर केली. मी वळखतो.”

मी काही बोलायच्या आत विभागप्रमुख आले. त्यांनी चष्मा काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं. आवाज चढला. कुणी केलं हे? मी भिंतीला टेकून उभा होतो. तोंड उघडलं असतं तर त्याच दिवशी गावाकडची एसटी धरावी लागली असती, एवढाच हिशेब डोक्यात होता. मामा म्हणाले, “माह्या हातून झालं साहेब. मेण सुटलं होतं, घाई झाली.”

त्यांना लेखी मेमो मिळाला. सेवापुस्तकात नोंद झाली. पगारवाढ काही महिने अडकली, हे मला दोन वर्षांनी ऑफिसातल्या बाबूकडून कळलं. त्या दिवशी साहेब गेल्यावर मी पायाशी वाकलो तर त्यांनी मला बाजूला केलं आणि म्हणाले, “पाया कायले पडतं? ते प्लास्टर काढ. हळू काढ.”

प्लास्टर काढायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी एक चूक केली, आणि मामांनी मला कधी हात लावला तो तेवढाच. रंगाच्या ब्रशचं टोक बारीक करायला मी ते ओठांत धरून ओढलं. शाळेत चित्रं काढताना लागलेली सवय. मामांनी फाडकन हातावर मारलं, ब्रश खोलीच्या टोकाला जाऊन पडला. जुन्या काळी कातडी टिकवायला आतून सोमलाचा साबण फासत. पांढरी भुकटी केसांच्या मुळाशी दिसते ती त्याचीच. सोमल किती वर्षांनी उतरतो? उतरतच नाही. त्या दिवसापासून खोलीतून बाहेर पडताना नळावर उभं राहून कोपरापर्यंत हात धुवायचे, साबण दोनदा लावायचा, मगच चहा. मामा स्वतः शेवटपर्यंत तसं करत. मी विसरलो की नुसते नळाकडं बोट दाखवत.

प्लास्टर निघाल्यावर मला वाटलं, आता शिकवतील. ते म्हणाले, “तुह्या घरी गाय हाय ना? तिचं नाक पाह्यलं का कधी?”

म्हटलं, रोज पाहतो.

“पाह्यलं नसन. जाय, पाहून ये.”

शनिवारी गावी गेलो आणि गोठ्यात गाईसमोर बसलो. वीस वर्षं त्या घरात गुरं होती. पोळ्याला त्यांच्या खांद्यांना हळद-तूप मी लावत आलो, वेसण बदलताना डोकं धरत आलो, आणि नाक खरोखरच कधी पाहिलं नव्हतं. काळं गुळगुळीत नाक असतं अशीच माझी समजूत. गुळगुळीत कुठंच नव्हतं. सीताफळाचे डोळे असतात तसे बारीक बारीक उंचवटे, मध्ये चर. वर नाकपुड्यांच्या मधल्या भागात मोठे, ओठाकडं उतरताना लहान, नाकपुडीच्या आत शिरताना खसखशीएवढे. मधोमध एक घळ ओठापर्यंत गेलेली. आणि प्रत्येक चरातून पाणी पाझरत होतं. वडिलांच्या दुपट्ट्यानं ते पुसलं. थोड्या वेळात दाण्यांच्या मधून पुन्हा थेंब डोकावले, पहाटेच्या दवासारखे. वडील मागं उभे होते. म्हणाले, “नाक कोरडं पडलं का समजाचं जनावर बिमार हाय.” एवढं ज्ञान घरात असताना मी प्राणिशास्त्रात नापास झालो होतो.

गाईच्या नाकावरच्या या रेषा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या असतात, प्रत्येकीच्या वेगळ्या. शाईनं त्यांचा ठसा घेऊन जनावर ओळखायची पद्धत अमेरिकेत १९२२ च्या सुमारास मांडली गेली. हे मी कितीतरी नंतर वाचलं आणि मामांना सांगितलं. त्यांना काही नवल वाटलं नाही. त्यांच्या मते गुराख्याला त्याचं जनावर तोंडावरूनच कळतं, शाई कशाला पाहिजे.

परत आल्यावर मामांनी खिडकी उघडली, पेटी उजेडात ओढली आणि दोन गोष्टी टेबलावर ठेवल्या. त्यांचा स्वतःचा पॉलिश केलेला जोडा आणि पाण्यात बुडवून काढलेली सीताफळाची साल. दोन्हीवर उजेड पडत होता. जोड्यावर एकच मोठा पांढरा डाग होता. सालीवर शेकडो बारीक ठिपके. “ओल म्हंजे पानी नोहोय बाबू,” ते म्हणाले. “उजेड तुटला पायजे.” मी नाक गुळगुळीत करून त्यावर व्हार्निश ओतलं होतं, म्हणून ते बुटासारखं दिसलं. दाणे असते तर पाव भाग व्हार्निशही पुरलं असतं.

एवढी मोठी गोष्ट इतक्या साध्या तऱ्हेनं सांगणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. पुढं मी बरेच शिक्षक पाहिले.

तरी त्यांनी लगेच चितळाला हात लावू दिला नाही. जवळजवळ दोन वर्षं मी एम-सीलच्या गोळ्यांवर नाकं करत होतो. पांढरा आणि काळा गोळा सारखा घ्यायचा, रंग एक होईपर्यंत मळायचा, आणि तो घट्ट होईपर्यंत जो काही वेळ हातात असतो तेवढ्यात दाणे उठवायचे. एकेक दाणा सुईनं कोरायला गेलो की ते शिवणकामासारखं ओळीत दिसायचं. मामा ओल्या ताठ ब्रशनं ठोकत जात, मग शिंप्याच्या सुईच्या बोथट मागच्या टोकानं फक्त मोठे चर खोल करत. ओळ कुठंच राहता कामा नये. निसर्गात दाणे दाटीनं बसतात, रांग धरत नाहीत. ड्रॉवरमध्ये माझी चाळीसएक नाकं साठली होती. एका विद्यार्थ्यानं तो ड्रॉवर चुकून उघडला आणि दचकला, हे अजून आठवतं.

दरम्यान मी बी.एस्सी. सुटलो. त्यातही मामांचा वाटा होता, पण तो वेगळा विषय.

१९८९ च्या बुद्धपौर्णिमेला मेळघाटात प्राणिगणना होती. स्वयंसेवक म्हणून माझं नाव मामांनीच एका वनरक्षकाकडून लावून घेतलं. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला. पोरं वाघ दिसेल म्हणून जात होती. मामा मला म्हणाले, वाघ दिसला तर नशीब, तू नाक पाहून ये. कोलकासच्या पुढं एका पाणवठ्याजवळच्या मचाणावर मी बसलो. दुर्बीण वनरक्षकाची. संध्याकाळ व्हायच्या आत चितळांचा कळप आला. पुढची मादी पाण्याच्या काठाशी थांबली, मान वर केली, आणि नाकपुड्या हलायला लागल्या. मी पाडलेली ती पेन्सिलीची गोल भोकं मला आठवली. चितळाची नाकपुडी गोल नसतेच. स्वल्पविराम उलटा ठेवावा तशी ती असते. पुढं रुंद, मागं कडेला निमुळती होत जाणारी चीर. वास घेताना ती चीर उघडते, मिटते. मादीनं जीभ काढून नाक चाटलं. पुन्हा चाटलं. ओल्या कातडीवर हवेतला वास धरला जातो. ते नाक ओलं ठेवणं म्हणजे वाघाची बातमी मिळवणं. आणि नाकपुडीच्या आत काळं नव्हतं. कडेला काळपट तपकिरी, आत शिरताना मातकट गुलाबी, मग अंधार. कळप पाणी पिऊन गेला तेव्हा मोजणीच्या कागदावर आकडा लिहायचा राहून गेला होता. वनरक्षकानं मला शिव्या दिल्या, ते रास्त होतं.

पावसाळ्याआधी आम्ही ते नाक केलं. करणारे मामा, धरणारा मी. पण डावी नाकपुडी त्यांनी माझ्याकडून करून घेतली. जिथं मोडलं होतं तिथं. आधी केसांच्या रेषेवर ओला दोरा लावून ठेवला, म्हणजे एम-सील केसांत जाणार नाही. एकदम जाड थर दिला नाही; पातळ पातळ तीन वेळा. रंगाचं त्यांचं म्हणणं असं की ट्यूबमधला काळा थेट लावला की नाक मेलं. म्हणून आधी पातळ तपकिरी, तो वाळल्यावर टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा केलेला काळा. तो सगळीकडं सोडायचा आणि लगेच सुती चिंधीनं वरवर पुसून घ्यायचा, म्हणजे काळा फक्त चरांत उरतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं दाण्यांच्या माथ्यावर राखी रंग फिरवायचा. कातडी आणि केस यांच्या सीमेवर एकही सरळ रेघ नको. तिथं दोन-चार केस रंगात येऊ द्यायचे, दोन-चार दाणे केसांत. शेवटी पातळ केलेलं व्हार्निश फक्त नाकपुडीच्या कडेवर आणि मधल्या घळीत. बाकी नाकाला त्याचा नुसता वास.

काम झाल्यावर ते म्हणाले, “आता दारातून ये.” मी बाहेर गेलो आणि विद्यार्थी येतात तसा दारातून आत आलो. खिडकीचा उजेड नाकावर पडला होता आणि नाकावरचे ठिपके माझ्याबरोबर सरकत होते.

विभागप्रमुखांनी मामांचं कौतुक केलं. तिथंही मी गप्पच. या वेळी बोललो असतो तर डावी नाकपुडी माझी, हे सांगायला बोललो असतो. मेमो माझा, हे सांगायला अजूनही धीर नव्हता. म्हणजे दोन्ही वेळा तोंड बंद ठेवलं तरी दोन्ही वेळचं कारण काही सारखं नव्हतं.

पुढं मला अकोल्याला एका संस्थेत प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली, नंतर संग्रहालयाचं काम आलं. तीस वर्षं माझं पोट याच कामावर भरलं. मुंबईला गेलो की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या दालनात दुपार घालवतो. काचेवर पोरांच्या नाकांचे ठसे आणि काचेमागं प्राण्यांची नाकं, दोन्ही पाहतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली टॅक्सिडर्मीचं केंद्र सुरू झालं. पशुवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड तिथं, मरण पावलेले प्राणी रीतसर परवानगीनं अभ्यासासाठी उभे करू लागले. तेव्हा मला मामांची फार आठवण झाली. मामांना असं केंद्र, असे साचे, काचेचे असे डोळे मिळाले असते तर! त्यांच्याकडं एम-सील, चिंधी आणि शिंप्याची सुई होती.

अकोल्यात आलेल्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी गावाकडं पाठवतो, गाईचं नाक पाहायला. पोरं हसतात. शहरातली असतील तर म्हैस, नाहीतर गोरक्षण. ही युक्ती माझी म्हणून खपते. मी सांगतो की माझी नाही, पण कुणाची ते सांगताना गोष्ट अर्धीच सांगत आलो.

२०१९ साली कॉलेजच्या संग्रहालयाच्या कामासाठी अमरावतीला बोलावणं आलं. चितळाचं नाक तीस वर्षांत मळलं होतं, थोडे दाणे उडाले होते. ते मी दुरुस्त केलं. मामा निवृत्त होऊन बावीस-तेवीस वर्षं झाली होती. वलगाव रोडला मुलाकडं राहत. दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले. मी रिक्षा केली आणि त्यांना कॉलेजात घेऊन आलो. जिने चढायला वेळ लागला. प्रत्येक माळ्यावर थांबून ते भिंतीला हात लावून काहीतरी ओळखत होते.

खोलीत स्टुलावर बसल्यावर मी ते सगळं बोललो. मेण, ब्लेड, परीक्षक, मेमो, अडकलेली पगारवाढ. मी नुसता उभा राहिलो होतो, हे सुद्धा. ते ऐकत होते की नाही कळेना. नंतर म्हणाले, “माह्या बापानं पयला जोडा शिवला तं टाच उलटी लावली होती. मालकाले माह्या आज्यानं सांगितलं, मीच लावली.” आणि थोडं थांबून, “मंग?”

मग काय ते मला सुचलं नाही. मी पेटीची काच सरकवली आणि त्यांचा हात धरून नाकावर ठेवला. त्यांनी अंगठा दाण्यांवरून फिरवला, मधल्या घळीत उतरवला, उजवी नाकपुडी पाहिली, डावी पाहिली. डावीच्या कडेवर अंगठा जरा जास्त थांबला.

“कोरडं हाय,” ते म्हणाले.

मी म्हणालो, दारातून ओलं दिसतं मामा.

त्यांनी मान हलवली. मग दोन्ही हात अंगापासून लांब धरून उठले.

“चाल,” म्हणाले, “हात धुऊ पयले.”